गवताचा नवरा

आणीबाणी उठली त्या साली श्रावणात भीमेला पूर आला आणि त्या पुरात दगडाबाईचा नवरा वाहून गेला, हे खुटबावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सर्जेराव, आप्पांचा थोरला मुलगा. गडी मुळात चांगला, अंगापिंडानं भरलेला, बैलांवर जीव टाकणारा. पण लग्नानंतर दोन-तीन वर्षांत त्याचं डोकं फिरायला लागलं. झोप उडाली. विजेच्या तारांतून कोणीतरी आपल्याला नावानं हाका मारतं म्हणायचा. कुणाला न सांगता चालत दौंडला जायचा आणि मालगाड्यांच्या यार्डात रुळाकडेला बसून राहायचा. एक दिवस त्यानं आप्पांच्याच पाठीत कुऱ्हाडीचा दांडा घातला. मग आप्पा आणि धाकटा आनंदराव त्याला जीपमध्ये घालून नगरच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले, आणि दिवेलागणीला दोघंच परत आले. पुलावर लघवीला म्हणून उतरला आणि कठड्यावरनं उडी घेतली, असं आप्पांनी अंगणात उभं राहून सांगितलं, आणि खांद्यावरच्या उपरण्यात तोंड खुपसलं.

प्रेत काही मिळालं नाही. पोलीस पाटील आप्पांचा चुलतभाऊच होता, त्यामुळं विचारपूस फारशी झाली नाही. भटजींनी सांगितलं तसा दर्भाचा पुतळा केला, त्याला सर्जेरावाचं धुवट धोतर गुंडाळलं, आणि नदीकाठी नेऊन जाळला. दगडाबाईच्या बांगड्या त्या गवतापुढं फोडल्या. विशी नुकतीच लागली होती तिला. पदरात पोर नव्हतं. केंदूरहून भाऊ न्यायला आला होता, पण त्याच्यामागं उभ्या असलेल्या भावजयीचं तोंड बघून तिनंच सांगितलं, मी हितंच बरी हाय.

पुढच्याच उन्हाळ्यात आनंदरावाचं लग्न झालं. मुलगी वरवंडच्या तालेवार घराण्यातली, गिताबाई. सोयरीक एवढी मोठी होती की गावजेवणाला पंचक्रोशी लोटली. दगडाबाई त्या दिवशी मागच्या पडवीत बुंदीच्या परातीजवळ बसून होती. मांडवात यायचं तिला कोणी सांगितलं नाही आणि येऊ नको असंही म्हणायची वेळ तिनं कोणावर आणली नाही.

तिथून पुढचं आयुष्य असंच पडवीत गेलं. गिताबाईला पहिल्या बाळंतपणानंतर अंथरूण धरावं लागलं, तेव्हा थोरल्या तेजश्रीला दगडाबाईनंच अंगाखांद्यावर वाढवलं. मागून सत्यजीत झाला, त्याचंही तिनंच केलं. पोरं तिला मोठी आई म्हणत. आप्पा गेले, सासूही गेली. आनंदराव सोसायटीचा चेअरमन झाला, चौकात त्याच्या शब्दाला वजन आलं. वहिनीला त्यानं कधी उणं पडू दिलं नाही, हेही खरं. वर्षातून एकदा तो एकटाच कोल्हापूरला अंबाबाईला जायचा, आणि आला की पहिला प्रसाद दगडाबाईच्या हातावर ठेवायचा. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा. तिलाही तसंच वाटे.

सत्यजीत पुण्याला कॉलेजात गेला आणि तिथं त्याला सिनेमाचं वेड लागलं. आपल्याकडचे नव्हे, बाहेरच्या मुलखातले. त्यांचा एक ग्रुप होता, दर शनिवारी कुठल्यातरी देशाचा सिनेमा बघायचे आणि त्यावर वाद घालत बसायचे. दिवाळीच्या सुट्टीत तो सीडी प्लेअर घेऊन घरी आला. तेव्हा तेजश्रीचं लग्न ठरलं होतं, शिरूरकडचं स्थळ, न्हावऱ्याचं, मुलगा इंजिनियर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर सत्यजीत म्हणाला, बसा सगळ्याजणी, तुम्हाला एक वेगळा पिक्चर दाखवतो. भाषा कुठलीतरी अगम्य होती. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, आणि ती वाचून तो भराभर मराठीत सांगत होता.

सिनेमात नुसता बर्फ होता. गोठलेलं तळं, लाकडाचं मोठं घर, आणि त्या घरात बाप मेल्यावर वाटणीसाठी जमलेली तिघं भावंडं. दगडाबाई लसूण सोलत बघत होती. एवढ्या थंडीत ही माणसं भांडी कशी घासत असतील, हाच विचार तिच्या मनात. पण सत्यजीत सांगायचा छान, आणि हळूहळू तिला त्या गोष्टीची गोडी लागली. त्या भावंडांची आई म्हणे ती लहान असतानाच तापानं गेलेली. धाकट्या बहिणीला आईचा चेहराही आठवत नसतो. आणि बापाचं सामान आवरताना, शेजारच्या एका म्हातारीच्या तोंडून निघून जातं की आई मेलीच नव्हती. तिला वेड लागलं होतं. बापानं तिला तळ्यापलीकडच्या वेड्यांच्या घरात ठेवलं होतं, आणि थोरल्या भावाला ते पहिल्यापासून माहीत होतं.

“ती धाकटी विचारते, मग आपण पुरलं कोणाला?” सत्यजीत वाचत होता. “तर भाऊ म्हणतो, पेटीत दगड होते.”

“बया,” दगडाबाई म्हणाली, “दगड पुरलं व्हय? आपल्याकडं गवताचा जाळत्यात.”

ती सहज बोलून गेली. तिच्या मनात काही नव्हतं. तेजश्री हसलीसुद्धा. पण शेजारी बसलेल्या गिताबाईचे हात लसणावर थांबले ते थांबलेच. दगडाबाईनं मान वर केली तर दारात आनंदराव उभा होता. बाहेरून केव्हा आला कुणास ठाऊक. चप्पल अजून पायात होती. त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, ह्याला चक्कर येतीय की काय. तो चपलेसकट आत आला, टीव्हीचं बटण त्यानं स्वतःच्या हातानं बंद केलं, आणि पोराला म्हणाला की सणासुदीला असली घाण घरात लावायची नाही. आवाज चढवला नाही. सत्यजीत काहीतरी पुटपुटला, पण आनंदराव तोवर निघून गेला होता, आणि त्याच्यामागं गिताबाईही उठून आत गेली. परातीतला लसूण तसाच राहिला.

दगडाबाईनं तो सगळा सोलून संपवला. सोलता सोलता तिच्या मनात एकेक गोष्ट वर येत होती, आणि ती तिला खाली दाबत होती. नदीला पूर होता म्हणून प्रेत सापडलं नाही, हे ठीक. पण कोणी शोधायलाही का गेलं नाही? त्याची चप्पल कोणी आणली नाही. सासू त्या दिवशी रडली, पण पोटचा पोरगा गेल्यावर आई रडते तशी नव्हती रडली. आणि त्यानंतर मरेपर्यंत तिनं सर्जेरावाच्या श्राद्धाचा स्वयंपाक स्वतःच्या हातानं कधी केला नाही, प्रत्येक वेळी अंगात कणकण आहे म्हणून झोपून राहिली. या सगळ्या गोष्टी दगडाबाईनं तेव्हाही पाहिल्या होत्या. पण तेव्हा पाहूनही दिसल्या नव्हत्या.

दहा-पंधरा दिवस तिनं कोणाला काही विचारलं नाही. मग मळ्यात कांद्याची लागण सुरू झाली. बायका पुढच्या वाफ्यात होत्या, आणि मागं रोपं सोडवत दोघी जावाच बसल्या होत्या. दगडाबाईनं रोपाच्या जुडीवरची नजर न काढता विचारलं, “गिता, ते जित्ते हायत का?”

 गिताबाई चिखलाचे हात तसेच मांडीवर ठेवून रडायला लागली. दगडाबाईला नवल वाटलं ते याचं की आपल्याला रडू येत नाही.

गिताबाईनं सगळं सांगितलं. सर्जेरावाला त्या दिवशी नगरला नेलंच नव्हतं. साताऱ्याच्या पलीकडं कोण्या ट्रस्टची संस्था होती, वेड्यांना सांभाळणारी, तिथं आप्पांच्या ओळखीनं आधीच बोलणं झालं होतं. वाटेतच त्याला तिथं पोचवणाऱ्या माणसाच्या हवाली करून बापलेक जीपनं परत आले. कारण वरवंडची बोलणी तेव्हा सुरू झाली होती. घरात वेड आहे म्हटल्यावर त्या घरची मुलगी मिळाली नसती. मेलेला थोरला चालतो, वेडा थोरला चालत नाही. गिताबाईला हे लग्नानंतर कळलं, तेजश्रीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा, सासूच्या तोंडून. आणि तेव्हापासून ती आपल्या पोरांकडं भीत भीत बघत आली होती.

“पोरगं एकटंच हसलं तरी मी हातातलं काम टाकून बघाया जायची,” गिताबाई म्हणाली. “तुमचं वाटोळं झालं बाई, मला दिसत व्हतं. पर माझंबी काय बरं झालं न्हाई.”

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासऱ्याला, सासूला, दिराला, जावेला, पोलीस पाटलाला. आपण ज्यांच्या भाकरी थापल्या त्या सगळ्यांना. दगडाबाईनं राहिलेली रोपं सोडवली, जुड्या बांधल्या, पाटाच्या पाण्यात हात धुतले, आणि ती घरी आली.

आनंदराव ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होता. ती समोर उभी राहिली तेव्हाच त्याला कळलं असावं. त्यानं पेपराची घडी केली. नाकारलं काहीच नाही. जे झालं ते आप्पांनी ठरवलं, त्यांच्यापुढं बोलायची माझी छाती नव्हती, असं म्हणाला. त्या माणसाबरोबर तुमचे काय हाल झाले असते याचा विचार करा म्हणाला. एक दिवस त्यानं तुमचा जीव घेतला असता. मी दरसाल जातो, कपडालत्ता करतो, काही कमी पडू देत नाही.

“कोल्हापूरला जाता, तवा,” ती म्हणाली.

“व्हय.”

त्या प्रसादाचे एकेक घास तिला आठवले. 

मग आनंदराव खुर्चीवरून उठला आणि त्यानं वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं. चेअरमन माणूस. म्हणाला, माघात तेजूचं लग्न हाय, तेवढं पार पडू द्या. न्हावऱ्याच्या लोकांच्या कानावर गेलं तर दारातनं परत जातील. तुम्हीच वाढवलीय ना पोरीला? त्याला बरोबर ठाऊक होतं कुठं बोट ठेवायचं ते. दगडाबाई म्हणाली, मी कोणापाशी एक शब्द बोलणार न्हाई. पर मला त्यांना बघून यू द्या. त्यावर सौदा ठरला. सत्यजीतला विश्वासात घ्यावं लागलं, कारण एकटीनं तिला तेवढा प्रवास जमला नसता.

सत्यजीतला ऐकून धक्का बसला, बापाचा रागही आला. पण दौंडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसल्यावर तो म्हणाला, “मोठी आई, अगदी पिक्चरसारखं गं हे.” आणि त्याच्या डोळ्यांत दुःखाबरोबर आणखीही काहीतरी चमकलं. मित्रांना सांगण्याजोगं काही हाती लागल्यावर चमकतं तसं. दगडाबाईनं तोंड बाहेर वळवलं. तिला त्याचा राग आला नाही. आपलं पंचवीस वर्षांचं जिणं कोणाला तरी बघण्यासारखं वाटतंय, एवढंच तिला कळलं, आणि ते टोचलं.

संस्था साताऱ्याहून पुढं एका टेकडीच्या कुशीला होती. बैठ्या खोल्या, मध्ये सारवलेलं अंगण, मागं गोठा. कारभार बघणाऱ्या बाई वयानं म्हाताऱ्या, पांढरं सुती लुगडं नेसलेल्या. सर्जेरावांना भेटायला बाईमाणूस आलंय म्हटल्यावर त्या चकित झाल्या. म्हणाल्या, गोळ्या चालू असल्या की ते अगदी बरे असतात. कितीतरी वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात घरी न्यायला हरकत नाही. पण त्यांचे भाऊ म्हणतात घरी करणारं कोणी नाही. बायको होती, ती वारली.

सत्यजीतनं चटकन दगडाबाईकडं पाहिलं. तिनं मात्र गोठ्याकडं पाहिलं, कारण तिकडून तो येत होता.

केस पांढरे झाले होते. खांदे उतरले होते. हातात चाऱ्याची पेंढी होती आणि ती त्यानं खाली ठेवली ती अगदी तशीच, डावा पाय थोडा पुढं टाकून, जशी तो बैलांपुढं ठेवायचा. त्यानं आधी सत्यजीतकडं पाहिलं आणि ओळखल्यासारखं हसला. आनंदाचा का तू, असं विचारलं. कपाळ अगदी आनंदाचं आहे म्हणाला. मग दगडाबाईकडं वळून त्यानं हात जोडले, परक्या बाईला जोडतात तसे.

“मी दगडाबाई,” ती म्हणाली.  “खुटबावची. तुमची.”

सर्जेरावानं तिच्याकडं नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळही नव्हता. उलट तिचीच कीव आल्यासारखा तो मऊ आवाजात म्हणाला, “दगडा गेली. आनंदानं सांगितलं मला. मी हितं टक्कल केलं तिच्यासाठी. तुम्ही कोण म्हनला?”

तिनं सांगून पाहिलं. केंदूरच्या घराचं, लग्नातल्या पावसाचं, त्याच्या खिलारी जोडीच्या नावांचं. बैलांची नावं ऐकून त्याचे डोळे भरले. होय, होय, म्हणाला, लई गुणाची जनावरं. पण ती दगडा आहे हे काही त्याला पटेना. शेवटी तो थोडा बिचकला, पेंढी उचलून घेतली आणि कारभार बघणाऱ्या बाईंना म्हणाला, “आनंदा खोटं बोलत न्हाई.” मग गोठ्याकडं निघून गेला.

परतीच्या वाटेवर सत्यजीत खूप बोलत होता. बाबांना मी सोडणार नाही, लग्न झालं की आपण काकांना घरी आणू, डॉक्टरला भेटू, सगळं हळूहळू आठवेल त्यांना. दगडाबाई ऐकत होती. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. इकडं तिच्यापुढं गवत जाळलं आणि तिकडं त्याच्यापुढं तिला मारलं. त्यानं घरी चला, घरी चला म्हणून धोशा लावला असेल, म्हणून मारली. नवरा मेला म्हणून बायको गप्प आणि बायको मेली म्हणून नवरा गप्प. आणि मधे आनंदराव, प्रसाद वाटत.

घरी आल्यावर आनंदरावानं विचारलं, कसा हाय? ती म्हणाली, तुमच्यावर लई इस्वास हाय त्यांचा. त्यानं मान खाली घातली. 

माघ आला. घर रंगवलं, मांडव पडला, वरवंडहून आचारी आले. हळदीच्या आदल्या दिवशी दगडाबाई एकटीच वरवंडच्या बाजाराला गेली. कासारानं विचारलं, मावशी, नवरीला का? ती म्हणाली, न्हाई, मला. त्यानं तिच्या कपाळाकडं पाहिलं, पण धंदेवाला माणूस, त्यानं चुडा पुढं केला. हिरवा चुडा चढवताना हाताची हाडं दुखली. पंचवीस वर्षांत हात जाड झाले होते. पदराखाली हात झाकून ती घरी आली.

ती बोलणार नाही असं तिनं कबूल केलं होतं. आणि ती बोलली नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावऱ्याहून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. अंगणात पाट मांडला, तेजश्री पिवळं नेसून बसली. सवाशिणी पुढं व्हा, असं कोणीतरी म्हणालं. आणि पडवीतून दगडाबाई आली. अंगावर हिरवं लुगडं, हातभर चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वाजंत्र्यांचं वाजणं चालूच होतं, पण बायकांचं बोलणं एकदम थांबलं. ती सरळ गेली, परातीतली हळद दोन बोटांवर घेतली, आणि जिला मांडीवर घेऊन वाढवलं त्या पोरीच्या गालाला लावायला वाकली.

“ह्या कोण?” नवऱ्याच्या आत्यानं विचारलं. खुटबावच्याच एका बाईनं चटकन तिच्या कानात सांगितलं, आणि आत्याबाई उठून उभी राहिली. विधवेच्या हातची हळद आमच्या सुनेला चालायची नाही, ही काय थट्टा आहे, असं तिनं मोठ्यानं विचारलं. गिताबाई खांबाला धरून उभी होती, तिच्यानं पुढं होववलं नाही. कोणीतरी आनंदरावाला बोलावून आणलं.

आनंदरावानं एका नजरेत सगळं पाहिलं. घाबरला असेल तर दिसू दिलं नाही त्यानं. पाहुण्यांपुढं हात जोडून, आवाजात खरोखरीची माया आणून तो म्हणाला, “माफ करा. भाऊ गेल्यापासनं वैनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. अधनंमधनं असं होतं. घरचंच माणूस, आम्ही सांभाळतो.”

बायकांनी च् च् केलं. आत्याबाईचा चेहरासुद्धा मऊ झाला. दुसऱ्या घरातून आलेली सून, तिचं वेड नवरीच्या रक्तातलं नव्हे. त्यानं सोयरिकीला बाधा येत नव्हती.

दगडाबाईनं सत्यजीतकडं पाहिलं. तो मांडवाच्या दाराशी कॅमेरा घेऊन उभा होता. एक शब्द त्यानं बोलायचा होता, फक्त एक. त्यानं कॅमेऱ्याच्या झाकणाशी चाळा केला आणि नजर खाली घातली. तेवढ्यात पाटावरून तेजश्री उठली. तिलाही भावानं सगळं सांगितलं होतं, हे दगडाबाईला तिच्या डोळ्यांवरूनच कळलं. पोरीनं पुढं येऊन तिचा हात धरला, चुड्यावरून, अगदी हळुवार.

“मोठी आई, चल आत,” ती म्हणाली. “तुझं औषध घ्यायचं राहिलंय ना सकाळचं.”

दगडाबाई आत गेली. कोणाशी झोंबली नाही, ओरडली नाही. धान्याच्या खोलीत तेजश्रीनं तिला पोत्यावर बसवलं, क्षणभर गळ्यात पडून रडली, मोठी आई मला माफ कर म्हणाली, आणि बाहेर पडताना दाराला कडी घातली. बाहेर नवी हळद कालवली गेली. दगडाबाई कडीकडं बघत बसली. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही. पुसायला या म्हणावं, मी काही पुसत नाही, असं तिनं मनात ठरवलं होतं. पण पुसायलाही कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. मुलगी नांदायला गेली.

लग्नानंतरच्या सोमवारी सकाळी दगडाबाईनं पिशवीत दोन लुगडी भरली आणि ती चौकातून एसटीत बसली. आनंदरावानं तिला थांबवलं नाही. गावात त्यानं सांगितलं की वहिनीला उपचारासाठी एका चांगल्या ठिकाणी ठेवलंय, आणि ते तसं खोटंही नव्हतं. गावानं मानलं. त्या वर्षी सोसायटीवर तो बिनविरोध निवडून आला.

संस्थेतल्या बाईंनी तिला स्वयंपाकघरात ठेवून घेतलं. भाकरी थापायला माणूस हवंच होतं. सत्यजीत एकदा येऊन गेला. काकांना भेटला, मोठ्या आईपुढं खूप रडला, आणि पुढच्या महिन्यात परत येतो म्हणून गेला. परत आला नाही. पुढं गिताबाईचं माणूस एकदा कुरडया-पापड ठेवून गेलं, तेवढंच.

सर्जेराव सुरुवातीला तिच्या हातचं घेत नसे. मेलेल्या माणसाचं नाव लावून आलेली बाई, तिच्या हातचं खाऊ नये, असं त्यानं शेजारच्या दोघा-तिघांनाही समजावलं होतं. पंक्तीत ती वाढायला आली की तो ताट झाकून घ्यायचा, आणि दुसरी बाई आली की भाकरी मागून घ्यायचा. दगडाबाईनं मनाला लावून घेतलं नाही असं नाही. पण दुसरीकडं जायला जागाच कुठं होती?

वर्षभरानं तो निवळला. नाव सोडून तिनं त्याच्याशी साधं बोलायला सुरुवात केली, गाईंचं, दुधाचं, चाऱ्याचं, आणि मग तो तिला मावशी म्हणायला लागला. तो तिच्याहून थोरला होता, पण तिथं स्वयंपाकाच्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणत. एका दुपारी गोठ्यापाशी ती तांदूळ निवडत होती, आणि तो शेजारी येऊन बसला. आपणहून बोलायला लागला, बायकोबद्दल.

लई चांगली व्हती, म्हणाला. भांडणं ठाऊक न्हाई. मला झोप यायची न्हाई, तर माझ्यासंगं जागी ऱ्हायाची, तारांतला आवाज मलाबी येतो म्हणायची, खोटंच.

“कशानं गेली?” दगडाबाईनं विचारलं.

“कावीळ झाली. आनंदानं लई धावपळ केली, पुन्याला न्हेली, पर न्हाई वाचली. जाताना माझं नाव घेतलं म्हनं. आनंदा उशाशीच बसला व्हता.”

दगडाबाईनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. तारांतला आवाज मलाही येतो असं ती खरंच म्हणाली होती, त्याची झोप उडाली त्या दिवसांत, त्याला धीर यावा म्हणून. ते घरात कोणालाच माहीत नव्हतं, आनंदालाही नाही.

“बरं झालं,” ती म्हणाली, “सुटली बिचारी.”

त्यावर सर्जेराव बराच वेळ मान हलवत राहिला. मग गाय हंबरली तशी तो उठून वैरण घालायला गेला, आणि ती तांदूळ घेऊन चुलीकडं गेली.